चंद्राच्या डोळ्यात गोळा मारणारा माणूस

माणूस चंद्रावर कधी उतरला असं कुणी विचारलं, तर आपण झोपेतून उठूनसुद्धा १९६९ असं उत्तर देऊ. क्विझमध्ये त्याचे मार्कही मिळतील. पण पडद्यावर माणूस त्याच्या ६७ वर्षं आधीच चंद्रावर जाऊन परत आला होता. साल होतं १९०२. त्यासाठी ना संगणक लागला, ना इंधन. लागलं ते लाकूड, कॅनव्हास, रंगाचे डबे, हाताने फिरवायचा एक कॅमेरा आणि जॉर्ज मेलिएस नावाचा एक फ्रेंच जादूगार.

या माणसाशी माझी ओळख झाली ती एका टीव्ही मालिकेमुळे. अमेरिकेच्या एचबीओ वाहिनीने १९९८ साली 'फ्रॉम दि अर्थ टू द मून' नावाची बारा भागांची मालिका काढली होती. टॉम हँक्स तिचा एक निर्माता. अपोलो मोहिमांची ही गोष्ट नटबोल्टापर्यंत खरी दाखवायचा त्यांनी चंग बांधला होता. शेवटचा, बारावा भाग आहे अपोलो १७चा, म्हणजे डिसेंबर १९७२मधल्या माणसाच्या आजवरच्या शेवटच्या चांद्रपदयात्रेचा. पण त्या भागाचं नाव आहे फ्रेंच, 'ल व्हॉयाज दां ला ल्यून', म्हणजे 'चंद्राची सफर'. हेच मेलिएसच्या १९०२च्या चित्रपटाचं नाव. त्या भागात एकीकडे सर्नन आणि श्मिट चंद्रावर दगड गोळा करत असतात, तर दुसरीकडे मेलिएस आपल्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या चंद्रावर शूटिंग करत असतो. टॉम हँक्स स्वतः मेलिएसच्या मदतनिसाचं काम करतो. (हा मदतनीस काल्पनिक आहे बरं का!) चंद्रावर खरोखर गेलेल्यांची मालिका संपवताना तिच्या कर्त्यांना या जादूगाराला नमस्कार करावासा वाटला. का, ते त्याचं आयुष्य वाचलं की कळतं. आणि ते आयुष्य असं आहे की आपल्यासारख्या प्रोजेक्ट, सबमिशन आणि कॉपी या तीन शब्दांवर जगणाऱ्यांनी तर वाचलंच पाहिजे.

बुटांचा कारखाना ते जादूचं थिएटर

जॉर्ज मेलिएसचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडिलांचा बुटांचा कारखाना होता, आई मूळची डच. आंरी आणि गास्ताँ हे दोन मोठे भाऊ. घरची परिस्थिती उत्तम. शाळेत हा पोरगा वहीच्या समासात मास्तरांची व्यंगचित्रं काढायचा आणि बोलणी खायचा. त्याला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांनी साफ सांगितलं की ते चालणार नाही, कारखान्यात या. (ही ओळ वाचून आपल्यापैकी किती जणांना आपली ॲडमिशनच्या वेळची घरातली चर्चा आठवली असेल!)

१८८४ साली वडिलांनी त्याला इंग्रजी आणि धंदा शिकायला लंडनला पाठवलं. तिथे इजिप्शियन हॉल नावाच्या ठिकाणी मॅस्केलिन या जादूगाराचे खेळ चालत. मेलिएस तिथे वारंवार जाऊ लागला आणि जादूच्या नादी लागला तो कायमचा. परत आल्यावर वडिलांनी त्याला कारखान्यातल्या मशिनरीवर देखरेखीला बसवलं. त्याला ते मनापासून आवडत नव्हतं, पण मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी शिक्षण हेच ठरलं. गिअर, पट्टे, कॅम, दुरुस्ती, सगळं त्याच्या हातात बसलं. चित्रकाराचा डोळा, जादूगाराची लबाडी आणि फिटरचा हात, असं रसायन एकाच माणसात तयार झालं.

१८८८ साली वडील निवृत्त झाले. मेलिएसने कारखान्यातला आपला वाटा भावांना विकून टाकला आणि त्या पैशातून पॅरिसमधलं रोबेर-उदाँ थिएटर विकत घेतलं. रोबेर-उदाँ हा एकोणिसाव्या शतकातला नामांकित जादूगार, मूळचा घड्याळजी. पुढे अमेरिकेत गाजलेल्या हुदिनीने आपलं नाव याच्याच नावावरून घेतलं. थिएटर छोटंसंच होतं, पण त्यात चावीने चालणाऱ्या यांत्रिक बाहुल्यांचा खजिना होता. मेलिएस त्या दुरुस्त करी, नवे खेळ रची, पडदे रंगवी, कपडे ठरवी आणि रात्री स्वतः स्टेजवर उभा राही. सगळं काही स्वतःच करायची ही सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. त्याचं यश या सवयीत होतं, आणि पुढचं अपयशही बऱ्याच अंशी यातूनच आलं.

यंत्र मिळत नाही? मग बनवू!

२८ डिसेंबर १८९५. पॅरिसच्या ग्रँड कॅफेत लुमिएर बंधूंनी आपल्या सिनेमॅटोग्राफचा पहिला खेळ केला. प्रेक्षकांत मेलिएस होता. भिंतीवरचं चित्र हलायला लागल्यावर इतर लोक नुसते थक्क झाले, याने मात्र खेळ संपताच यंत्राची किंमत विचारली. त्याने १०,००० फ्रँक देऊ केले. लुमिएर मंडळींनी नकार दिला. यंत्र विकायचं नाही, जगभर आपलीच माणसं पाठवून खेळ करायचे, असा त्यांचा बेत होता. त्याच बेतानुसार ७ जुलै १८९६ रोजी त्यांच्या माणसाने मुंबईत वॉटसन हॉटेलात खेळ केला आणि हिंदुस्थानात सिनेमा आला.

मेलिएस हात हलवत बसला नाही. तो पुन्हा लंडनला गेला आणि रॉबर्ट पॉल या इंग्रज इन्स्ट्रुमेंट मेकरकडून त्याने एक प्रोजेक्टर विकत आणला. पण प्रोजेक्टरने फक्त दुसऱ्याच्या फिल्म दाखवता येतात, त्याला तर स्वतःच्या काढायच्या होत्या. इथे त्याच्यातला कारखानेवाला जागा झाला.

आपण थिअरी ऑफ मशिन्समध्ये जिनिव्हा व्हील शिकतो. चाक सतत फिरतं, पण पुढचा भाग थांबत थांबत, ठरावीक टप्प्याने सरकतो. ओरल्सला हमखास विचारतात आणि आपण हमखास 'सर, इंटरमिटंट मोशन' एवढंच म्हणून गप्प बसतो. सिनेमाचं सगळं मर्म त्या दोन शब्दांत आहे. फिल्म सलग सरकली तर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसेल. ती प्रत्येक चौकटीला क्षणभर थांबली पाहिजे, मग पुढे गेली पाहिजे, सेकंदाला साधारण १६ वेळा. आणि हे थांबणं-सरकणं प्रोजेक्टरला जसं लागतं तसंच कॅमेऱ्यालाही लागतं. एकात प्रकाश आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. मेलिएसने नेमकं हेच हेरलं. पॉलचं यंत्र खोलून, फेरफार करून त्याने त्याचा कॅमेरा केला. तो चालताना इतका खडखडे की त्याला तो कॉफी दळायचं यंत्र म्हणे. कच्ची फिल्म पॅरिसमध्ये मिळत नव्हती, ती त्याने लंडनहून आणली. तिला भोकं पाडलेली नव्हती. डेव्हलपिंग करून देणारी लॅब नव्हती. तेही सगळं त्याने चुकतमाकत स्वतः शिकून घेतलं आणि १८९६ मध्येच चित्रपट काढायला सुरुवात केली. त्याचा पहिला चित्रपट, पत्ते खेळणारी माणसं, ही लुमिएरच्या चित्रपटाची चक्क नक्कल होती. हे लक्षात ठेवा, नकलेचा विषय पुढे परत येणार आहे.

बस गेली, शववाहिका आली

मेलिएस स्वतः एक किस्सा सांगत असे. पॅरिसच्या ऑपेरा चौकात तो रहदारीचं चित्रण करत होता. मधेच कॅमेरा अडकला. मिनिटभराने तो सोडवून त्याने पुढे शूटिंग केलं. फिल्म धुऊन बघतो तर चालती घोड्याची बस एकदम शववाहिका झालेली आणि पुरुषांच्या बायका झालेल्या! हा किस्सा जसाच्या तसा घडला का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. शिवाय एडिसनच्या माणसांनी १८९५ मध्येच राणीचं मुंडकं उडवायच्या दृश्यात हीच युक्ती वापरली होती. पण त्यांनी ती एकदा वापरून सोडून दिली. मेलिएसने तिची एक अख्खी भाषा बनवली. १८९६च्याच एका चित्रपटात त्याने खुर्चीत बसलेली बाई गायब केली आणि तिच्या जागी हाडांचा सापळा आणला. त्या बाईचं काम करणारी नटी होती जेहान दाल्सी. हे नावही लक्षात असू द्या.

युक्ती ऐकायला सोपी वाटते. कॅमेरा थांबवा, माणूस बदला, परत चालू करा. पण हँडल थांबवताना आणि पुन्हा फिरवताना वेग बदलतो, तेवढ्या चौकटींवर प्रकाश जास्त पडतो आणि झटका दिसतो. मेलिएसच्या मूळ फिल्म तपासल्यावर संशोधकांना तिथे तिथे जोड सापडले. म्हणजे तो बिघडलेल्या चौकटी कात्रीने कापून टाकी आणि दोन टोकं अशी चिकटवी की नटाचा हात जिथे होता तिथेच राहील. एडिटिंग हा शब्द रुळायच्या आधी हा माणूस चौकटीच्या हिशेबात एडिटिंग करत होता.

१८९७ साली त्याने पॅरिसच्या वेशीवरच्या मोंत्रॉय गावात, घरच्या जमिनीवर स्टुडिओ बांधला. भिंती आणि छप्पर काचेचं, कारण लाइट म्हणजे सूर्य. आतला मंच त्याच्या थिएटरच्या मंचाच्या मापाचा. तिथे त्याने काय काय केलं! काळ्या पडद्यासमोर अभिनय करायचा, फिल्म मागे गुंडाळायची, त्याच फिल्मवर दुसऱ्या जागी उभं राहून परत अभिनय करायचा. १९००च्या एका चित्रपटात तो एकटाच सात वादक होऊन वाद्यवृंद वाजवतो. म्हणजे तीच फिल्म सात वेळा कॅमेऱ्यातून गेली. सातव्या वेळी हात जरा इकडचा तिकडे झाला की आधीचे सहाही वाया. इथे कंट्रोल-झेड नव्हतं. दुसऱ्या एका चित्रपटात त्याचं डोकं फुग्यासारखं फुगत जातं. कॅमेरा जड, हलवणं कठीण, म्हणून त्याने स्वतःला रुळावरच्या चाकाच्या खुर्चीत बसवलं, मानेखाली काळं कापड पांघरलं आणि कप्पीने खुर्ची कॅमेऱ्याकडे ओढवून घेतली. डोकं जवळ आलं म्हणून मोठं दिसलं. बस!

चंद्राची सफर

आणि आता १९०२. ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाच्या कादंबऱ्या फ्रान्समध्ये घरोघरी होत्या, एच. जी. वेल्सची चंद्रावरची कादंबरी नुकतीच येऊन गेली होती. मेलिएसने दोन्हींतलं हवं ते उचललं. तीन महिने खपून, १०,००० फ्रँक खर्चून त्याने चित्रपट पुरा केला. म्हणजे लुमिएरना यंत्रासाठी देऊ केली होती तेवढीच रक्कम. त्या काळी चित्रपट एक-दोन मिनिटांचे असत. याची लांबी २६० मीटर. आपण हिशेब करू. एक चौकट साधारण १९ मिलिमीटर, सेकंदाला १६ चौकटी, म्हणजे सेकंदाला ३० सेंटिमीटर फिल्म. २६० मीटरला जवळपास १४ मिनिटं. तेव्हाच्या मानाने हा महाकाव्यच!

गोष्ट अशी. टोकदार टोप्या घातलेल्या खगोलशास्त्रज्ञांची सभा भरते. अध्यक्ष प्राध्यापक बार्बनफुयी, म्हणजे खुद्द मेलिएस, फळ्यावर चंद्राला जायचा मार्ग काढतो. एक जण आक्षेप घेतो, तर प्राध्यापक त्याच्या अंगावर कागदपत्रं भिरकावतो. (आपल्या डिपार्टमेंटच्या मीटिंगांबद्दल मी काहीही बोलणार नाही.) मग तोफेच्या गोळ्यासारखं यान बनतं, सहा जण आत शिरतात, नर्तिका तो गोळा प्रचंड तोफेत ढकलतात आणि धडाम! चंद्र जवळ येत जातो, त्याला माणसाचा चेहरा आहे, आणि गोळा जाऊन थेट त्याच्या उजव्या डोळ्यात रुततो. हे चित्र तुम्ही नक्की कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. युक्ती तीच, रुळावरची खुर्ची आणि कप्पी, फक्त या वेळी खुर्चीत चंद्र बसला होता.

चंद्रावर मंडळी पृथ्वी उगवताना बघतात, पांघरुणं घेऊन चक्क झोपतात, वरून तारका डोकावतात. विवरात उतरल्यावर राक्षसी अळंब्या दिसतात, छत्री रोवली तर तिचीही अळंबी होते. चंद्रवासी उड्या मारत येतात. ते फोली बेर्जेर या नाट्यगृहातले डोंबारी होते, आणि त्यांच्या मुखवट्यांचे मूळ नमुने मेलिएसने स्वतः मातीत घडवले होते. छत्री हाणली की चंद्रवासी धूर होऊन नाहीसा होतो. शेवटी सगळे पळत येऊन यान कड्यावरून पाडतात, ते सरळ खाली पृथ्वीवरच्या समुद्रात पडतं. पाण्याखालचं दृश्य कसं काढलं असेल? मत्स्यपेटीत बेडूकमासे सोडले, हवेचे बुडबुडे सोडले आणि त्यावर पुठ्ठ्याचं यान सरकवलं!

विज्ञान म्हणून यात शंभर चुका आहेत. तोफेच्या त्या धक्क्याने आतल्यांचा चेंदामेंदा झाला असता, आणि चंद्रावरून 'खाली' पडून पृथ्वीवर येता येत नाही. मेलिएसला हे कळत नव्हतं असं मी तरी मानत नाही. तो विद्वानांची टिंगल करत होता, आणि त्याच वेळी तिथे जाणं कसं दिसेल हे जगाला पहिल्यांदा दाखवत होता. समुद्रात उतरणाऱ्या यानाला जहाज ओढून आणतंय हे दृश्य बघा आणि मग अपोलोची परतीची चित्रफीत बघा. अंगावर काटा येतो.

चित्रपट रंगीतही विकला जाई. पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्युइलिए या बाईंची कार्यशाळा होती. तिथे दोनशेच्या वर बायका बारीक कुंचल्याने एकेक चौकट रंगवीत. एकीकडे एकच रंग, मग फिल्म पुढच्या टेबलावर. फोर्डच्या असेंब्ली लाइनच्या आधीची असेंब्ली लाइन! साध्या प्रतीची किंमत ५६० फ्रँक, रंगीत प्रतीची १,०००.

कॉपी

चित्रपट युरोपात आणि अमेरिकेत तुफान चालला. आणि अमेरिकेतून मेलिएसला मिळालं काय? जवळजवळ काही नाही. एडिसनची कंपनी, ल्युबिन, सेलिग अशा बड्या बड्यांनी त्याच्या प्रतीवरून प्रती काढल्या आणि आपल्या म्हणून विकल्या. ल्युबिनने तर नाव बदलून 'मंगळाची सफर' केलं. असाइनमेंटवरचं फक्त नाव आणि रोल नंबर बदलतात ना, तसं! शेकडो पेटंट नावावर असलेल्या, पेटंटसाठी सतत कोर्टात जाणाऱ्या एडिसनच्या कंपनीला हे करताना काही वाटलं नाही, हे मला फार खटकतं.

मेलिएसने भाऊ गास्ताँला १९०३ मध्ये न्यूयॉर्कला पाठवून आपल्या 'स्टार फिल्म' कंपनीचं ऑफिस उघडलं. शिवाय एक तोडगा काढला. शेजारी शेजारी दोन कॅमेरे लावून एकाच वेळी दोन निगेटिव्ह काढायच्या, एक फ्रान्ससाठी, एक अमेरिकेसाठी. याची गंमत शंभर वर्षांनी कळली. दोन भिंगांतलं अंतर आपल्या दोन डोळ्यांसारखंच काम करतं, त्यामुळे काही चित्रपटांची दोन्ही निगेटिव्हवरची दृश्यं जोडल्यावर ती चक्क थ्रीडी दिसली!

पण धंद्याचं गणित बदलत होतं. मेलिएस प्रत विकत असे. जत्रेतला तंबूवाला ती एकदा घेई आणि फाटेपर्यंत दाखवी. पाथे कंपनीने १९०७ पासून फिल्म भाड्याने द्यायला सुरुवात केली. १९०९ साली पॅरिसला निर्मात्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष मेलिएस स्वतः होता. तिथे सगळ्यांनी ठरवलं की यापुढे विक्री बंद, फक्त भाडं. मेलिएसला ते पटलं नाही, कारण त्याची गिऱ्हाइकं म्हणजे तेच जत्रेवाले. इकडे अमेरिकेत एडिसनच्या गटात टिकायचं तर दर आठवड्याला हजार फूट नवी फिल्म द्यायची अट. सगळं एकहाती करणारा माणूस असा कारखाना कसा चालवणार? लोकांची आवडही बदलली. आता त्यांना खऱ्या रस्त्यावरच्या, धावत्या गोष्टी हव्या होत्या. मेलिएसचा कॅमेरा अजून थिएटरच्या प्रेक्षकासारखा एका जागी बसलेला होता. ज्याने सिनेमाला एवढ्या युक्त्या दिल्या, त्याला सिनेमा थिएटरमधून बाहेर पडलाय हे दिसलं नाही किंवा मान्य झालं नाही.

१९११ मध्ये त्याने पाथेकडून पैसे उचलले. तारण काय, तर राहतं घर आणि मोंत्रॉयचा स्टुडिओ. १९१२चा उत्तर ध्रुवाच्या स्वारीचा भव्य चित्रपट आपटला. १९१३ मध्ये पाथेशी संबंध तुटले, त्याच वर्षी पत्नी युजेनी वारली. गास्ताँही तिकडे पॅसिफिकमधल्या बेटांवर चित्रपट काढण्याच्या नादात पैसे घालवून बसला होता. सुमारे ५२० चित्रपट काढलेला माणूस ५२व्या वर्षी संपला.

मग पहिलं महायुद्ध. १९१७ मध्ये फ्रेंच लष्कराने स्टार फिल्मच्या चारशेच्या वर प्रती जप्त करून वितळवल्या. चांदी काढून घेतली आणि सेल्युलॉइडच्या केल्या बुटांच्या टाचा. बुटांचा कारखाना विकून ज्याने स्वप्नं विकत घेतली, त्याच्या स्वप्नांचे शेवटी बूटच झाले! ही गोष्ट कुणी कादंबरीत लिहिली असती तर आपण अति झालं म्हणून पुस्तक मिटलं असतं.

१९२३ साली रस्त्याच्या कामासाठी रोबेर-उदाँ थिएटर पाडलं. त्याच वर्षी मोंत्रॉयची मालमत्ताही हातून गेली. तिथे ठेवलेल्या निगेटिव्हचं करायचं काय? न्यायला जागा नाही. संतापाच्या भरात मेलिएसने त्या सगळ्या जाळून टाकल्या. नायट्रेट फिल्म दारूसारखी भडकते. इतक्या वर्षांची मेहनत किती मिनिटांत गेली असेल, कल्पना करवत नाही.

स्टेशनवरचा खेळणीवाला

१९२५ साली मेलिएसने दुसरं लग्न केलं, जेहान दाल्सीशी. होय, तीच, १८९६ मध्ये खुर्चीतून गायब झालेली! तिची पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात खेळणी आणि गोळ्यांची टपरी होती. चंद्र दाखवणारा माणूस आता रोज त्या टपरीत बसू लागला. गाड्या पकडायला धावणाऱ्या हजारोंपैकी कुणालाही तो कोण हे माहीत नव्हतं.

हळूहळू काही पत्रकारांना आणि सिनेमावेड्या तरुणांना त्याचा पत्ता लागला. जुने गोदामं-माळे शोधून काही प्रती मिळाल्या आणि १६ डिसेंबर १९२९ रोजी पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहात त्याच्या सन्मानार्थ मोठा कार्यक्रम झाला. १९३१ मध्ये त्याला फ्रान्सचा लिजन ऑफ ऑनर मिळाला. पदक हातात दिलं लुई लुमिएरने, ज्या घराण्याने त्याला यंत्र विकलं नव्हतं त्यानेच. १९३२ मध्ये त्याला, जेहानला आणि नात मादलेनला ओर्ली इथे सिनेमावाल्यांच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली. १९३६च्या सुमारास आंरी लांग्ल्वा आणि जॉर्ज फ्राँजू ही दोन तरुण पोरं जुन्या फिल्म वाचवायचं वेड घेऊन फिरत होती. त्यांनी ओर्लीच्या आवारातली एक रिकामी इमारत फिल्म ठेवायला घेतली आणि किल्ली दिली मेलिएसकडे. ज्याने स्वतःच्या निगेटिव्ह जाळल्या, तोच दुसऱ्यांच्या फिल्मचा राखणदार झाला. त्या संग्रहातूनच आजचं फ्रान्सचं प्रसिद्ध फिल्म संग्रहालय, सिनेमातेक फ्राँसेज, उभं राहिलं.

२१ जानेवारी १९३८ रोजी कर्करोगाने मेलिएस गेला. आदल्याच दिवशी कार्टूनपटांचा आद्य फ्रेंच कर्ता एमिल कोल गेला होता.

आपले दादासाहेब फाळके मेलिएसपेक्षा साडेआठ वर्षांनी लहान. तेही छायाचित्र, छपाई, यंत्रं यांत रमलेले, आणि 'प्रोफेसर केळफा' या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करणारे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणून त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं, मग 'राजा हरिश्चंद्र' काढला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) पाहिलेल्यांना हे ठाऊक असेल. सिनेमा कलावंतांच्या आधी हाताने खटपट करणाऱ्यांनी उभा केला, इकडेही आणि तिकडेही. आणि बोलपटाच्या काळात फाळकेही बाजूलाच पडले.

कुणी वाचवलं?

मेलिएसच्या सुमारे ५२० पैकी आज साधारण दोनशे चित्रपट शिल्लक आहेत. निगेटिव्ह तर त्याने जाळल्या होत्या. मग हे उरले कसे? जत्रेवाल्यांनी विकत घेतलेल्या प्रतींमुळे, गास्ताँच्या अमेरिकेतल्या काही निगेटिव्हमुळे, आणि ज्या चोरट्या नकलांनी त्याला बुडवलं त्यांतल्याही काहींमुळे. 'चंद्राची सफर'ची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या फिल्म संग्रहालयात मिळाली. फिल्मचा पार दगड झाला होता. तज्ज्ञांनी अनेक वर्षं खपून तिचे थर सोडवले, तुकड्यांची छायाचित्रं काढली आणि संगणकावर १३,३७५ चौकटी एकेक करून सावरल्या. मे २०११ मध्ये, १०९ वर्षांनी, कान महोत्सवात चंद्राच्या डोळ्यात पुन्हा रंगीत गोळा बसला. त्याच वर्षी स्कॉर्सेसीचा 'ह्यूगो' आला आणि स्टेशनवरचा खेळणीवाला सगळ्या जगाला कळला.

यावरून कॉपी करणं चांगलं, असा निष्कर्ष कृपया काढू नका, एचओडी सरांना मी तोंड दाखवू शकणार नाही. कॉपीने फिल्म वाचली, माणूस वाचला नाही. त्याचे पैसे त्याला मिळाले असते तर घर तारण पडलं नसतं आणि त्या निगेटिव्ह जळल्या नसत्या. कॉपी करणारे काही जतन करायला निघाले नव्हते. जतन केलं ते लांग्ल्वासारख्या पोरांनी, त्युइलिएबाईंच्या त्या अनामिक रंगारी बायकांचं काम चौकट चौकट सावरणाऱ्यांनी, आणि ज्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे असं वाटणाऱ्यांनी.

आपल्या लॅबच्या कपाटावर दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट धूळ खात पडतात. पुढच्या वर्षी त्यांतले सुटे भाग काढून घेतात, रिपोर्ट रद्दीत जातो, आणि कुणी, कसं, कशासाठी बनवलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. या वर्षी निदान आपापल्या प्रोजेक्टवर करणाऱ्यांची नावं नीट लिहा, ड्रॉइंगची एक प्रत लायब्ररीत द्या, आणि दुसऱ्याचं काही घेतलं असेल तर त्याचंही नाव घाला. आणि हो, 'चंद्राची सफर' जरूर बघा. फक्त चौदा मिनिटांची आहे, रविवारी मेसच्या रांगेत याहून जास्त वेळ जातो.